पाणी प्यायलेला दगड

आमच्या वर्कशॉपमधल्या ग्राइंडरला लग्नानंतर कितीतरी वर्षं मी हात लावला नव्हता, कारण लावू दिला जात नव्हता. वेल्डिंगच्या मशीनजवळ गेलं तरी चालायचं, ड्रिल तर मी शंभरदा पुसलं असेल. पण कोपऱ्यातल्या लोखंडी खांबावर बसवलेल्या, दोन्ही बाजूंना एकेक गोल दगड असलेल्या त्या यंत्राकडे वळले की मागून आवाज यायचा, "तिकडं नको." का नको, हे कोणी सांगायचं नाही. आणि मला तर 'काहून' विचारल्याशिवाय घास गिळत नाही. माहेरी या खोडीपायी मी भिंतीवरचं घड्याळ, वडिलांचा रेडिओ आणि शेजारणीचं शिवणयंत्र उघडून पाहिलं होतं. त्यांतलं फक्त शिवणयंत्र पुन्हा चाललं.

नवऱ्याचं नाव मी इथे घेणार नाही. हिंगोलीहून नरसीला जाणाऱ्या रस्त्यावरचे सगळे लोक त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही लिहिताना तेच म्हणते. पत्र्याचं शेड पुढे, आमचं घर मागे, मध्ये एक दार. खिडक्यांच्या जाळ्या, बैलगाडीचे आस, हळद घोळायचे ड्रम, नांगराचे फाळ, जे येईल ते काम. कुऱ्हाडी, विळे, खुरपी, अडकित्ते यांना धार लावायचं काम त्या ग्राइंडरवर चाले.

मिस्त्रींना एकाच डोळ्यानं दिसतं. लग्नाआधी दुसऱ्याच्या वर्कशॉपात कामाला असताना दगडाचा एक कण उडून डाव्या डोळ्यात गेला होता. त्या डोळ्यानं त्यांना आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. राहिलेल्या एका डोळ्यावर घर चालतं, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. म्हणून ग्राइंडरशी ते वागत ते एखाद्या मारक्या बैलाशी वागावं तसं. राग नाही, पण पाठ कधी फिरवायची नाही.

हात लावायला बंदी होती, बघायला नव्हती. मधल्या दारात भाजी निवडत बसायचं आणि बघायचं. दर शनिवारी संध्याकाळी ते यंत्र साफ करत. आधी बोर्डातून पिन काढत आणि ती पिन यंत्राच्या डोक्यावर, अगदी समोर दिसेल अशी ठेवत. बटण बंद असलं तरी त्यांचं समाधान होत नसे. पिन डोळ्यासमोर दिसत असेल तरच हात आत जायचा. मग एक मऊ ब्रश घेऊन दगडाभोवतीच्या लोखंडी झाकणातली बारीक काळी धूळ खाली अंथरलेल्या कागदावर काढत. चाकात हवा भरायचा पाइप शेजारीच असे, फुर्र करून सगळं दोन मिनिटांत झालं असतं. पण त्याला ते हात लावत नसत.

मी एकदा विचारलंच, "पाइपानं काहून करत न्हाई?"

"ती धूळ जाईल कुठं? मोटरीत, न्हाई तर माझ्या डोळ्यात."

मग ते समोरची काच फडक्यानं पुसत. दगडापुढे अवजार टेकवायला एक लोखंडी टेकू असतो, दगड झिजला की तो आणि दगड यांच्यातली फट वाढते. त्या फटीत ते लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घालून बघत. पुठ्ठा जेमतेम गेला पाहिजे. त्याहून जास्त जागा दिसली की टेकू पुढे सरकवत, कारण मोठ्या फटीत विळा ओढला जातो आणि अडकतो. आमच्याकडे आलेल्या सगळ्या लग्नपत्रिकांचा शेवट असा त्या फटीत झालेला आहे. हातमोजे ते ग्राइंडरवर कधी घालत नसत, गळ्यात रुमाल ठेवत नसत. मला वाटे, हातमोजे तर चांगलेच की. तर म्हणाले, मोजा दगडात गेला तर एकटा जात नाही, हाताला घेऊन जातो.

आणि सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे यंत्र सुरू करायची त्यांची रीत. एक हात खांबावर ठेवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं आणि एक पाऊल बाजूला सरकायचं. दगडाच्या समोर नाही, बाजूला. मिनिटभर तसंच उभं राहायचं. गिऱ्हाईक घाईचं असलं तरी तो मिनिट कोणाला सुटत नसे.

हे सगळं मी इतकी वर्षं बघितलं, म्हणून मला वाटायला लागलं की मला ते येतं. बघून जेवढं येतं तेवढंच मला आलं होतं, हे तेव्हा कळलं नाही.

मिस्त्रींची एकच गोष्ट माझ्या डोक्यात जायची. हाक मारली की ऐकायचं नाही. चहा झाला म्हणून मी मधल्या दारातून ओरडायची आणि हे आपले पाठमोरे, कानशीनं काहीतरी घासत बसलेले. सगळ्या बायकांसारखं मीही ठरवून टाकलं होतं की नवऱ्याचे कान बायकोच्या हाकेपुरते बंदच असतात. एकदा तर तीन हाका मारून ओ मिळाली नाही म्हणून मी तो चहा मोरीत ओतला आणि दिवसभर बोलले नाही. ते मात्र संध्याकाळी विचारत होते, आज चहा केला नाहीस का.

गेल्या वर्षीची गोष्ट. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मिस्त्रींना ड्रमचं बेअरिंग आणायला नांदेडला जावं लागलं. आमच्याकडे नवमीला हत्यारांची पूजा असते. नवमीला पुजलेली हत्यारं दसऱ्याला जागची हलवायची नाहीत, एकादशीला काम सुरू करायचं. दरवर्षी आदल्या दिवशी ते स्वतः सगळं पुसून ठेवत. या वेळी त्यांना उशीर होणार होता. मी मनाशी म्हटलं, आज आपण करू. संध्याकाळी येतील तर वर्कशॉप लखलखलेलं दिसेल.

हातोड्या, पाने, छिन्न्या रॉकेलच्या फडक्यानं पुसल्या. मग ग्राइंडरकडे वळले, आणि मागून कोणाचा आवाज आला नाही.

मी काही अगदीच वेडी नव्हते. आधी पिन काढली आणि यंत्राच्या डोक्यावर ठेवली. पदर खोचला, बांगड्या वर सारल्या. मधल्या मोटरीला पाणी चालत नाही हे मला कळत होतं, म्हणून तिला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली. मग बादलीत साबणाचं पाणी केलं, काथ्या घेतला आणि ते दोन्ही दगड झकास घासून काढले. तांब्या तांब्यानं पाणी ओतलं. दगडाला पाणी चालत नाही हे कोणाला सुचेल? कयाधूच्या पात्रात दगड जन्मभर पाण्यातच पडलेले असतात, त्यांचं काय वाईट झालंय.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा पाहिली होती. तांब्याभर पाणी दगडावर ओतलं की खाली अर्धंच ओघळायचं. दगडावर बारीक बुडबुडे यायचे आणि चुरचुर असा आवाज यायचा. बाकीचं पाणी कुठे गेलं? जन्मात पहिल्यांदा मी काहून विचारलं नाही, कारण मला पूजेची घाई होती.

संध्याकाळी मिस्त्री आले तोपर्यंत दगड वरून कोरडे झाले होते. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "आज लई चकाचक केलंस." मी फुगले. दुसऱ्या दिवशी पूजा झाली. यंत्राला झेंडूची माळ, झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, उंबऱ्यावर नारळ. दसऱ्याला आपट्याची पानं त्याच्या डोक्यावर ठेवली. तीन रात्री ते यंत्र तसंच उभं होतं आणि मी जाता-येता त्याच्याकडे कौतुकानं बघत होते.

एकादशीला सकाळी नरसीला दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांची रस्त्यावर रांग लागली होती. सोयाबीनची कापणी जोरात होती. कापणीचं गुत्तं, म्हणजे ठेका, घेणाऱ्या बायकांची म्होरकी, शेजारच्या वाडीची एक वयस्कर बाई, अकरा विळ्यांचं गाठोडं घेऊन आली. तिच्या बायका शेताच्या बांधावर बसून होत्या, विळे गेल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होणार नव्हता. मी तिला चहा दिला आणि कप ग्राइंडरशेजारच्या टेबलावर ठेवला.

मिस्त्रींनी माळ काढून बाजूला ठेवली, यंत्राला नमस्कार केला, पिन लावली. एक हात खांबावर, दुसऱ्यानं बटण, आणि एक पाऊल बाजूला.

यंत्र नेहमीसारखं सुरू झालं आणि मग नेहमीसारखं राहिलं नाही. आधी टेबलावरचा कप थरथरायला लागला. मग कप बशीतून सरकून पडला. आपट्याची पानं खाली आली. खांबाच्या बुडाशी सिमेंट उकलतंय की काय असं वाटलं. मिस्त्रींनी मला आणि त्या बाईला हातानं मागे लोटलं आणि बटण बंद केलं.

"थांबेपोत्तर कोणी म्होरं यायचं न्हाई," ते म्हणाले.

बटण बंद केलं तरी दगड लगेच थांबत नाहीत. ते फिरत राहतात, फिरत राहतात, आणि तेवढा वेळ आम्ही तिघं भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत होतो. थांबल्यावर मिस्त्रींनी पिन काढून यंत्राच्या डोक्यावर ठेवली. दगडावर तळहात ठेवला.

"गार लागून राहिला," ते म्हणाले. "पाणी मारलं व्हय याला?"

कोणीतरी दुसऱ्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं, पण घरात दुसरं कोणी नव्हतं.

"मी धुतला," मी म्हटलं. "साबण लावून."

त्या बाईनं पदर तोंडाला लावला. मिस्त्री हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. चिडले असते तर मलाही चिडता आलं असतं.

"हा काय नदीतला दगड हाय? खडे आन् डिंक मिसळून, भाजून केलेला हाय ह्यो. मधी सगळी बारीक भोकं. पाणी पितो. तीन दिस उभा राहिला की पाणी खाली उतरतं. मग खालची बाजू जड, वरची हलकी. आता असा भन्नाट फिरवला तर काय होईल?"

"काय?"

"जड बाजू भायेर ओढती. फुटला तर तुकडे समोर जातात. समोर कोण राहतंय?"

मी ग्राइंडरच्या समोरच्या फरशीकडे बघितलं. इतकी वर्षं एकाच जागी उभं राहून तिथली फरशी गुळगुळीत झाली होती. ज्या एका डोळ्यासाठी मी उपास करते, त्याच डोळ्यावर मी तांब्या तांब्यानं संकट ओतलं होतं, आणि वर तीन दिवस कौतुक करत होते. मला रडू आलं आणि त्या बाईसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी कपाचे तुकडे वेचायला लागले.

"कानशीनं करा मिस्त्री," ती बाई म्हणाली. "घंटाभर उशीर झाला तर सोयाबीन कुठं पळून चाललं न्हाई. आन् वैनी, तुमी हात कापून घेऊ नका."

अकरा विळे मिस्त्रींनी हातानं घासून दिले. दुपार झाली. ती बाई तोवर बसून होती, जाताना एका शब्दानं लागेल असं बोलली नाही.

त्या दिवसापासून माझी बंदी उठली. का उठली ते मला नीट कळलं नाही. कदाचित त्यांनी विचार केला असेल की हिला न शिकवणं जास्त धोक्याचं आहे. दगड काढायला त्यांनी मलाच बसवलं. उजव्या बाजूचा नट नेहमीसारखा फिरवला आणि तो सुटला. डावीकडचा तसाच फिरवला तर आणखी आवळत गेला. मी जोर लावत होते आणि ते गालात हसत होते. त्या बाजूचे आटे उलटे असतात. का, तर तिकडून बघितलं की दगड उलटा फिरतो, सरळ आटे असते तर फिरता फिरता नट आपोआप सैल झाला असता. ज्यानं हे पहिल्यांदा शोधलं असेल त्याच्या बायकोनं नक्की त्याला काहून विचारलं असणार, असं माझ्या मनात आलं. नटाच्या आत लोखंडी चकत्या, आणि चकती आणि दगड यांच्यामध्ये कागदाची गोल तबकडी. मला वाटलं ते कंपनीचं लेबल. ते लेबलही असतं आणि गादीही असते, लोखंड दगडाला नुसतं आवळलं तर दगडाला तडा जाऊ शकतो.

दगड सुकायला ठेवायचे होते. मी म्हटलं चुलीजवळ ठेवू. ते म्हणाले, एका बाजूनं तापला तर फुटेल, सावलीतच ठेव. म्हणून मी ते धान्याच्या कोठीवर पोत्यावर आडवे ठेवले. पण पाणी प्यायलेला दगड ही गोष्ट मला झोपू देईना. जाळ्या तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा वर्कशॉपात होता. मी दोन्ही दगड, एक मोठ्या खड्याचा खरबरीत आणि एक बारीक खड्याचा, तोलले आणि दिनदर्शिकेवर आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी परत. मोठ्या खड्याचा दगड चमचाभर साखरेएवढा हलका झाला होता. तिसऱ्या दिवशी आणखी अर्धा चमचा. मिस्त्री मला वेड्यात काढत होते, पण रोज सकाळी "आज किती?" असंही विचारत होते. सहाव्या दिवशी आकडा थांबला. सातव्या दिवशीही तोच. तेव्हा मी जाहीर केलं की दगड सुकले.

"आता वाजवून बघायचा," मिस्त्री म्हणाले.

ही रीत मी कधी पाहिली नव्हती, कारण दगड वर्षा-दोन वर्षांतून एकदा बदलतो आणि मी त्या वेळी कुठेतरी भाकरी थापत असणार. दगडाच्या मधल्या भोकात बोट घालून तो लटकवायचा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच टिचकी मारायची. अख्खा दगड घंटेसारखा वाजतो. आतून तडकलेला वाजत नाही. मी म्हटलं, हे तर माठासारखंच आहे. हिंगोलीच्या बाजारात माठ घेताना मी दहा माठ वाजवते आणि कुंभारीण वैतागते.

त्यांनी बारीक खड्याचा दगड लटकवला आणि मूठ मारली. टणण असा आवाज निघाला आणि शेडभर फिरला. मला इतकं नवल वाटलं की मी दोनदा परत वाजवायला लावला. मग त्यांनी दुसरा घेतला, मोठ्या खड्याचा, उजवीकडचा, ज्यावर सगळी धार लागते तो. चार ठिकाणी मूठ मारली.

"बराबर हाय," ते म्हणाले आणि दगड बसवायला उचलला.

मी ऐकलं ते ढब, ढब, ढब, ढब.

मला वाटलं, गंमत करतायत. "परत वाजवा."

"काहून?"

"वाजवा तर."

त्यांनी वाजवला. ढब.

"फुटक्या माठावानी वाजून राहिला की ओ."

"तुझं आपलं कायतरी. दोनीबी सारखेच हायत."

ओल राहिली असेल म्हणून मी काट्यावर टाकून बघितला. आकडा कालचाच होता. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आता लिहिताना मला वाटतं की तिथेच थांबायला हवं होतं, हळू जवळ बसून विचारायला हवं होतं. पण मला उत्सुकता लागली की मी माणूस बघत नाही. घड्याळ उघडताना जी मी होते तीच मी होते.

"तुमी तोंड तिकडं करा," मी म्हटलं. "मी वाजवते. पयला का दुसरा, तुमी सांगायचं."

ते हसले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी मोठ्या खड्याचा, म्हणजे दुसरा, वाजवला.

"पयला," ते म्हणाले. चुकलं होतं.

मी परत तोच वाजवला. या वेळी त्यांनी वेळ घेतला. "पयलाच."

मग मी बारीक खड्याचा दगड बोटावर लटकवला आणि मूठ उचलली. पण हात पुढे गेला नाही. मी मूठ खाली टेबलावर ठेवून दिली आणि तशीच उभी राहिले. रस्त्यावरून एक गाडी गेली. मिस्त्री पाठमोरे, मान किंचित वाकवून वाट बघत होते.

"दुसरा," ते म्हणाले.

बरोबर की चूक, ते बघायला ते वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघितलं.

मग त्यांनी तो मोठ्या खड्याचा दगड ऐरणीवर ठेवला, मला चष्मा घालायला लावला, स्वतः घातला, आणि छिन्नी ठेवून हातोडीचा एक हलका ठोका दिला. दगड सरळ दोन तुकडे होऊन पडला, जणू त्याला तेवढंच हवं होतं. आतली कड मी बघितली. अर्धी कड स्वच्छ होती, आताच मोडलेली. बाकी अर्धी काळी, बारीक लोखंडी धुळीनं भरलेली.

"हा माझ्या पाण्यानं न्हाई," मी म्हटलं.

"न्हाई. जुना हाय." त्यांनी काळ्या कडेवरून बोट फिरवलं. "लई जुना."

म्हणजे तडकलेल्या दगडासमोर ते रोज उभे राहत होते. एक डोळा घेऊन. आणि तो मिनिट बाजूला थांबून परत समोर जात होते, कारण थरथर त्यांना हाताला कळत होती, पण दगडाचा आवाज कळत नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं. दगडाबद्दल नव्हे. त्यांना ते समजलं.

"दोन-अडीच वरसं झाली आसतील. मोटा आवाज येतो. बारीक येत न्हाई."

"मला सांगितलं काहून न्हाई?"

"तू मशीन बंद कराया लावली आसती." हे खरं होतं. ते स्टुलावर बसले. "एक डोळा नसलेल्या मिस्त्रीकडं लोक येतात, त्याईला सवय झाली. कानबी गेला म्हनल्यावर कोन येईल? हा दगड बसवला तवा वाजवला होता मी. वाटलं, वाजला आसंल."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. दोन-अडीच वर्षं मी मधल्या दारातून ओरडत होते, तणतणत होते, आणि ते ऐकत नाहीत असं सगळ्या बायकांना सांगत होते. इतक्या गोष्टी उघडून बघणाऱ्या मला घरातल्या माणसाला एकदा सरळ विचारता आलं नाही. मी मोरीत ओतलेला तो चहा आठवला आणि मग मात्र मी मोकळेपणानं रडले. ते म्हणाले, "आता काय झालं, डोळा हाय की अजून." हे त्यांचं समजावणं.

पुढच्या आठवड्यात नांदेडला जाऊन कान दाखवले. गेलेलं परत येणार नाही, पण राहिलेलं जपता येईल, असं डॉक्टरनं सांगितलं. कानाला लावायचं मशीन मिळालं. ते लावून ते घरात बसतात तेव्हा मी हळू बोलते आणि ते लगेच ओ देतात. पहिल्या दिवशी मला त्याचीच भीती वाटली. वर्कशॉपात मात्र ते मशीन काढून डबीत ठेवतात आणि कानांवर जाड टोप्या चढवतात, कारण ग्राइंडरच्या आवाजानंच तर हे सगळं झालं. म्हणजे तिथे त्यांना आधीपेक्षाही कमी ऐकू येतं.

नवे दगड आणायला मी हिंगोलीला सोबत गेले. दुकानातच बोटावर लटकवून वाजवले. दुकानदार बघत राहिला. त्यांतला एक मला पटला नाही, मी तो परत दिला.

यंदाच्या खंडेनवमीला मी ग्राइंडर ब्रशनं झाडला, काच पुसली, पुठ्ठा घालून फट बघितली. हळदीकुंकू फक्त झाकणावर. पाण्याचा तांब्या दाराबाहेरच ठेवला होता. एकादशीला यंत्र सुरू करायच्या आधी मिस्त्रींनी दोन्ही दगड काढले आणि न बोलता लाकडी मूठ माझ्या हातात दिली. दगड बोटावर लटकवून मी वाजवते तेव्हा ते यंत्राकडे बघत नाहीत, दगडाकडेही नाही. तो एक डोळा माझ्या तोंडावर असतो. मी मान हलवते, मगच ते नट उचलतात.